चीक आणि ऊन

“येतोय! चिमटा येतोय!”

आमच्या डॉक्टरीण मेहेंदळेबाई एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की बाहेर बाकड्यावर नंबर लावून बसलेली माणसं दारातून डोकावली. बाईंनी माझ्या उजव्या दंडाची कातडी दोन बोटांत धरली होती. धरता आली होती, यातच सगळं आलं. गेलं वर्षभर त्या दंडाला कुणी चिमटा काढायला गेलं की बोटं नुसती घसरायची, घोटून गुळगुळीत केलेल्या लाकडावरून घसरावीत तशी.

“झेंडे, इकडे या. तुम्ही काढून बघा.”

माझे आबा भिंतीला चिकटून उभे होते. त्यांनी हात धोतराला पुसले, परत पुसले, पुढं आले आणि असा काही चिमटा काढला की माझ्या डोळ्यांत टचकन पाणीच आलं.

“आई गं! आबा, बघायला सांगितलंय, उपटायला न्हाई!”

“लागलं व्हय?” आबांचं तोंड एवढं फुललं होतं की बस्स. “खरंच लागलं? ओ बाई, लागलं म्हणती बघा ती!”

लेकीला लागलं म्हणून एवढा खूश झालेला बाप मेहेंदळेबाईंनी पहिल्यांदाच बघितला असेल. त्याही हसल्या. पंचवीसेक वर्षं झाली या गोष्टीला. आबा जाऊनही आता बराच काळ लोटला. पण त्यांचा चेहरा आठवायचा म्हटलं, तर मला त्या दिवसाचाच आठवतो.

आमचं गाव पुरंदरातलं, सासवडपासून आत, डोंगराला टेकून. जिकडं बघावं तिकडं अंजिराच्या बागा. मी दहावीत असताना माझ्या उजव्या हातावर खांद्यापासून कोपराच्या खालपर्यंत एक पांढुरका पट्टा उठला. आईला वाटलं कोड. तिनं एवढा जीव खाल्ला, एवढे उपास केले, की विचारू नका. पण तो पट्टा नुसता पांढरा राहिला नाही, कडक व्हायला लागला. मग कोपर दुखायला लागलं, मग सरळ होईना. विहिरीवर घागर लावताना हात लांब केला की कातडी आतून कुणीतरी ओढून धरल्यासारखी व्हायची.

आणि मला तर पोलिसात जायचं होतं. हसू नका. आमच्या पंचक्रोशीतली एक पोरगी नुकतीच भरती झाली होती आणि खाकी कपड्यात गावात येऊन गेली होती, तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भरतीला गोळा फेकावा लागतो. शाळेच्या मैदानावर मी पोरांच्या पुढं गोळा टाकायची. आबा कौतुकानं मला ‘फौजदारीणबाई’ म्हणायचे आणि आई म्हणायची, “चढवा अजून डोक्यावर.” आता गोळा सोडा, मला धड वेणी घालता येत नव्हती.

पुण्याच्या एका दवाखान्यात मेहेंदळेबाई होत्या म्हणून बरं. त्यांनी समजावून सांगितलं. म्हणाल्या, “कातडीच्या आत बारीक बारीक दोरे असतात. जखम झाली की ते वाढतात आणि जखम भरून काढतात. हिच्या हाताला जखम झालेलीच नाही, तरी ते वेड्यासारखे वाढत सुटलेत. आवळत चाललेत. पोरीचं वाढीचं वय आहे. हे कोपराच्या सांध्यावर असंच आवळत गेलं, तर हात दुमडलेलाच राहील. जे काही करायचं ते आत्ता.”

“मग करा की बाई,” आबा म्हणाले, “आम्ही कुठं न्हाई म्हणतो?”

उपाय मोठा मजेशीर होता. एका बाटलीतलं पाण्यासारखं औषध ब्रशनं हातावर लावायचं. मग पडदे ओढलेल्या खोलीत गप बसायचं. मग डोळ्यांना काळा चष्मा लावून हात एका पेटीत घालायचा. पेटीत नळ्या होत्या, त्यांचा जांभळा उजेड हातावर पडायचा. तोही किती, तर बाई स्वतः घड्याळ घेऊन बसायच्या. उजेड बंद झाला की हात धुवायचा, फडक्यात गुंडाळायचा आणि दिवसभर उन्हात काढायचा नाही. आठवड्यातून दोनदा आबा आणि मी एस्टीनं पुण्याला. अंजिराचा हंगाम ऐन भरात, बागेत माणूस मिळेना, तरी आबांनी एक खेप चुकवली नाही. आई बाग सांभाळायची आणि रोज पुटपुटायची, पण आदल्या रात्री आमच्या भाकरी बांधून ठेवायची.

एकदा बाईंचं लक्ष आबांच्या हातांकडं गेलं. अंजीर तोडणाऱ्याचे हात कसे असतात ते आमच्याकडं पोरांनासुद्धा माहीत असतं. फळाचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. तो हातावर ओघळतो, वरून ऊन लागतं, आणि तिथं भाजल्यासारखे काळपट पट्टे उठतात. नव्या माणसाला तर फोड येतात. आबांचे हात मनगटापासून कोपरापर्यंत तसल्या पट्ट्यांनी भरलेले.

“हे चिकाचं ना?” बाईंनी विचारलं.

“व्हय. कातडी खातो चीक. आता सवय झाली.”

“गंमत सांगू का झेंडे? तुमच्या चिकात जे आहे ना, त्याच जातीचं माझ्या बाटलीत आहे. सावलीत ते निजलेलं असतं. उजेड पडला की जागं होतं आणि कामाला लागतं. आत वाढलेले दोरे सैल करतं. फक्त मी औषधही मोजते आणि उजेडही मोजते. तुमच्या रानात दोन्हीला माप नाही, म्हणून हात भाजतात.”

आबा बघतच राहिले. परत येताना एस्टीत शेजारच्या माणसाला, कंडक्टरला, घाटात गाडी थांबली तेव्हा चहावाल्याला, सगळ्यांना सांगत सुटले, “डॉक्टरांचं औषध आन् आपल्या अंजिराचा चीक, जात एकच! बाई स्वतः म्हणाल्या.” बाईंनी सांगितलेलं अर्धं त्यांनी छातीशी धरलं. उरलेलं अर्धं ऐकलंच नाही असं मी म्हणणार नाही. ऐकलं होतं. पण ते आनंदात कुठंतरी मागं पडलं.

चिमटा आला तो याच्यानंतर काही दिवसांनी. आणि पुढच्या खेपेला आम्ही दवाखान्यात गेलो तर पेटी बंद.

“नळ्या गेल्या,” बाई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा पडला होता. “विजेचा दाब वरखाली झाला आणि एकदम सगळ्या गेल्या. बाहेरून मागवाव्या लागतात. महिना तरी जाईल, कदाचित जास्तच.”

“मंग तवर?”

“तोवर थांबायचं. नाहीतर मुंबईला चिठ्ठी देते. पण तिथं राहावं लागेल.”

मुंबईत आमचं कोण होतं? आणि बाग कोण बघणार होतं? आबा मुंडी हलवत उठले. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. “बाई, थांबल्यावर परत आवळंल का हो?”

बाई म्हणाल्या, “थोडं आवळेल. पण नळ्या आल्या की भरून काढू. काळजी करू नका.”

काळजी करू नका म्हणून कुणी काळजी करायचं थांबतं का? आबा रोज सकाळी तोंड धुतलं की आधी माझ्या दंडाला चिमटा काढून बघायचे. पहिले काही दिवस आला. मग कातडी बोटांत कमी कमी यायला लागली. एक दिवस आलाच नाही. आबांनी परत धरून बघितलं, अजून एकदा बघितलं, आणि बागेत निघून गेले. त्या दिवशी ते जेवायलाही आले नाहीत.

तीन-चार दिवसांनी त्यांनी मला बागेच्या टोकाला, मोठ्या दगडापाशी बोलावून घेतलं. आई सासवडच्या बाजाराला गेली होती. आबांनी स्वतःची बाही वर सारली आणि हात माझ्यापुढं धरला.

“बघ. परवा चीक लावला हितं. पाणी घालून पातळ केला, बाईंच्या बाटलीसारखा. आन् एक विडी संपस्तोवर उन्हात बसलो. काय झालं? काय बी न्हाई. परवाचं सांगतोय, आज तिसरा दिवस.”

खरंच काही झालं नव्हतं. आबांच्या त्या हाताला काय होणार होतं? आयुष्यभर चीक आणि ऊन खाऊन तो हात चामड्याचा झाला होता. पण हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मला एवढंच दिसलं, की माझ्या बापानं माझ्यासाठी आधी स्वतःच्या अंगावर करून बघितलं. त्यांच्या हिशेबी तेच माप होतं. आधी आपण, मग पोर.

“लावू का?” आबांनी विचारलं. “तुला नको वाटलं तर ऱ्हाऊ दे.”

“लावा,” मी म्हणाले. “पेटीची वाट बघत बसले, तर भरतीला गोळा काय पेटी टाकणार आहे व्हय?”

आबा हसले. वाटीत कवळे देठ मोडून चीक धरला होता, त्यात पाणी घातलेलं. कापसाचा बोळा बुडवून त्यांनी खांद्यापासून पार कोपराच्या मागपर्यंत तो लावला. एवढा हळू हात त्यांनी कधी कुणाला लावला नसेल. मग सावलीत बसवलं, बाई बसवायच्या तसं. मग उन्हात. आबांनी विडी पेटवली. ती संपली की म्हणाले, “ऊठ, धू हात.”

काही झालं नाही. उलट उन्हानं कोपर ऊबदार झालं आणि मला सैल वाटलं. अगदी खरं सांगते, वाटलं. “आबा, सैल झालंय!” मी ओरडले, आणि त्यांनी मला चिडीचूप बसायला खुणावलं, कारण बाजूच्या बागेत माणसं होती. दुसऱ्या दिवशी परत एक विडी. हात जरासा गुलाबी झाला. बाईंच्या पेटीनंही व्हायचा तसा, म्हणून आम्ही खूश. तिसऱ्या दिवशी आबांनी दुसरी विडी पेटवली.

चीक लगेच भाजत नाही. दोन-दोन दिवस गुपचूप बसून राहतो आणि मग उठतो. हे गावात सगळ्यांना माहीत होतं, आबांना तर पुरतं माहीत होतं. पण त्यांनी स्वतःच्या हातावर वाट बघितली होती, माझ्या हातावर बघितली नाही. धीरच धरवला नसेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा हात पेटला. सकाळपर्यंत खांद्यापासून कोपरापर्यंत फोड आले, लिंबाएवढाले, पाण्यानं भरलेले. आईनं कोरफड लावली, ओली फडकी ठेवली, नुसती किंचाळत होती, “काय केलंस गं मंदे, काय केलंस?” मी दात दाबून पडले होते. आबा ओसरीवर खांबाला धरून उभे होते. उंबऱ्याच्या आत त्यांना यायलाच झालं नाही.

जीप करून पुण्याला नेलं. मेहेंदळेबाईंनी फडकं उचललं आणि त्यांचा चेहराच पालटला.

“कुणी केलं हे?”

बाईंनी आम्हा एकेकाकडं बघितलं.

“मी विचारतेय, कुणी केलं? चीक लावलाय ना? नळ्या कालच आल्यात, कालच! परवापासून सुरू करणार होते मी. आता या जखमेवर कसला उजेड टाकू? हे भरून येईपर्यंत महिने जातील, आणि भरेल ते सगळं आवळून भरेल. हातानं घालवलात तिचा हात. ज्यानं हे केलंय त्याला आधी माझ्यासमोर उभं करा!”

आबांचं तोंड उघडलं. मी बघत होते. ओठ हलले, आवाज फुटेना. त्यांची मान अशी काही खाली गेली, की माझ्याच्यानं बघवेना. आणि माझ्या तोंडातून निघून गेलं,

“मीच लावला.”

आईनं तिथल्या तिथं माझ्या थोबाडीत दिली. भाजलेल्या पोरीला. बाईंनी तिचा हात धरला म्हणून, नाहीतर अजून एक बसली असती. आणि आबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

मला वाटलं, आता बोलतील. जीपमध्ये बोलतील. दिवे घाटात गाडी थांबली तेव्हा वाटलं, आता खाली उतरून आईला बाजूला घेऊन सांगतील. घरी गेल्यावर वाटलं, रात्री सांगतील. नाही बोलले. माझं सोळा वर्षांचं वय. मी त्यांना एका क्षणापुरतं वाचवलं होतं, आयुष्यभराचा मक्ता घेतला नव्हता. मला त्यांचा राग आला. कधी कधी अजून येतो.

बाई म्हणाल्या तसंच झालं. जखम भरली ती आवळून भरली. कोपर दुमडलं ते दुमडलं. पुढं एक ऑपरेशन झालं, थोडाफार फरक पडला, तेवढंच. पोलीसभरतीचं नाव आमच्या घरात परत कुणी काढलं नाही. मी सासवडला कॉलेजला गेले, बी.ए. झाले. आबा माझ्या वाटचं पाणी भरायचे, घागर माझ्या हातून काढून घ्यायचे, रोज संध्याकाळी कोमट तेल घेऊन माझं कोपर चोळत बसायचे. खाली मान घालून. एक अक्षर नाही.

आणि आई? आईचं तोंड सहा वर्षं चालू होतं. माझ्या हातून तांब्या सुटला, की “स्वतःच्या हातानं वाटोळं करून घेतलंस.” वेणी नीट पडली नाही, की “कुणी सांगितलं होतं गं तुला चीक फासायला?” वाळवण उचलताना हात अडला, की “चांगला सरळ होत होता. बाई सांगत होत्या, थांबा. थांबायचं न्हाई कुणाला!” ओसरीवर आबा बसलेले असले की तिचा आवाज जरा जास्तच चढायचा. मला वाटायचं, कशी ही बाई, शेजाऱ्यांनाही ऐकवते. आबा मुकाट ऐकायचे आणि उठून बागेत जायचे. मीही ऐकायची. एकदा बोललेलं खोटं आता कुठल्या तोंडानं फिरवायचं? आणि ते माझं काम होतं का?

मी बावीसची झाले तेव्हा फुरसुंगीचे हरपळे मला बघायला आले. मुलगा, त्याचे वडील आणि आमचा सदामामा, ज्यानं हे स्थळ आणलं होतं. सदामामानं त्यांना हाताचं आधीच सांगून ठेवलं होतं, भाजला म्हणून. पोहे झाले, चहा झाला, नाव-गाव-शिक्षण विचारून झालं. मुलाचे वडील हरपळेदादा म्हणजे मोकळा माणूस. आडपडदा न ठेवता म्हणाले,

“पोरगी आम्हाला आवडली. हाताचं कळलंय. पण भाजला कसा, एवढं सांगा. उद्या भावकीत कुणी विचारलं तर उत्तर नको का द्यायला?”

आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नेहमीची टकळी सुरू केली. “काय सांगायचं दादा, लहानपणचा येडेपणा. डॉक्टरांचा उपाय चालला होता. हिला दम धरवंना. आपणच अंजिराचा चीक…”

“तिनं न्हाई लावला.”

आबा बोलले होते. ते दाराजवळ पाटावर बसले होते. हातातली बशी त्यांनी खाली ठेवली.

“तिनं न्हाई लावला. म्या लावला. मला वाटलं होतं, तेच औषध हाय. पोरीनं माझ्यावरचं आपल्या अंगावर घेतलं.”

सहा वर्षं ज्याची वाट बघितली ते शब्द आले होते, आणि आले ते परक्या माणसांपुढं. मी मान वर केली. म्हणणार होते, हो, खरंय. पण आईनं पदराआडून माझा दंड एवढा घट्ट दाबला की मी थांबले. आणि आई हसली. मोठ्यानं हसली.

“ऐका ह्यांचं! आवो, लेकीवर बोल येऊ नये म्हणून काय बी सांगतील हे. कुणी काय विचारलं की आपल्यावर घेत्यात. बापाचं काळीज हो, दुसरं काय!”

हरपळेदादांचे डोळे भरून आले. त्यांनी उठून आबांच्या खांद्यावर हात ठेवला. “झेंडे, अशा घरातली लेक आम्हाला पायजेच. बोलणी पक्की समजा.”

सदामामानं साखर मागवली. सगळे हसायला-बोलायला लागले. आबांनी एकदा आईकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग तेही हसले, म्हणजे तोंड हसल्यासारखं केलं, आणि पाहुण्यांना निरोप देऊन चप्पल न घालता बागेकडं चालू लागले.

मी चुलीपाशी गेले तर आई भिंतीला डोकं टेकून बसली होती.

“आई, ते खरं बोलत होते.”

“मला ठाऊक हाय.”

“काय ठाऊक हाय? आबांनीच लावला होता. मी दवाखान्यात…”

“मला पहिल्या दिवसापास्नं ठाऊक हाय मंदे.” तिनं पदरानं डोळे पुसले. “आगं, कोपराच्या मागं, पार खांद्यापतुर चीक लागला होता. एकसारखा. आपला आपल्याला लावता येतो का तिथं? डाव्या हातानं? मी काय आंधळी हाय?”

“मग मला थोबाडीत मारलीस? आणि सहा वर्षं… रोज… मला बोलत होतीस ते?”

“तुला न्हाई गं बोलत होते.” ती रडायलाच लागली. “त्यांना ऐकवत होते. नवऱ्याला तोंडावर कसं म्हणायचं, तुम्ही पोरीचा हात घालवला म्हणून? मला वाटायचं, पोरीला इतकं बोललेलं ऐकून तरी या माणसाचं तोंड उघडंल. आज उघडंल, उद्या उघडंल. म्हणतील, बास कर, म्या केलंय ते. मंग मी म्हणणार होते, असू द्या, तुम्ही काय वाईट व्हावं म्हणून केलं व्हय? एवढंच म्हणायचं होतं मला. सहा वर्षं तेवढं एक वाक्य धरून बसले. आन् आज बोलला बिचारा, तर मीच त्याचं तोंड दाबलं. सोयरीक मोडंल म्हणून भ्याले गं.”

मला राग आला होता, आणि ती एवढी रडत होती की मला तिला जवळही घ्यायचं होतं. यातलं मी काहीच केलं नाही. ती म्हणाली, “जा, त्यांना सांग. मला तोंड न्हाई त्यांच्यापुढं जायला.” म्हणून मी बागेत गेले.

आबा विहिरीच्या काठावर बसले होते. मला बघून सरकून जागा केली.

“पसंत पडली ना फौजदारीण?” त्यांनी विचारलं.

“पडली.”

“चांगली माणसं हायेत. झालं मंग.”

“आबा, आईला माहीत होतं.”

“काय?”

“चीक तुम्ही लावला ते. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ती मला बोलायची ते तुम्हाला ऐकू जावं म्हणून. तुम्ही बोलाल याची वाट बघत होती.”

आबांनी पाण्याकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले,

“मला वाटायचं, तिला खरंच तुझंच वाटतंय. रोज ठरवायचो, आज सांगायचं. तिचा तो आवाज चढला की वाटायचं, आता कळलं तर मला जिवंत ठेवायची न्हाई ही. आन् ऱ्हाऊन जायचं.”

“ती रागावणार नव्हती आबा.”

“मंग एकदा विचारायचं की मला,” आबा म्हणाले. “एकदाच. म्या तिथंच सांगितलं असतं.”

ते उठले. घराकडं दोन पावलं गेले, थांबले, आणि परत येऊन माझ्याशेजारी बसले. अंधार पडायला लागला तरी आम्ही दोघं तिथंच होतो, आणि घरातून आईनं हाक मारली नाही.